बिलात नसलेल्या रकमा

अपघाताची बातमी कशी संपते, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. 'जखमींना उपचारांसाठी जवळच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले आहे.' पूर्णविराम. वाचणारा चहाचा उरलेला घोट घेतो आणि पान उलटतो. बातमीदाराचा दोष नाही. त्याची बातमी तिथे संपते. पण ज्या घरातला माणूस त्या 'जखमींना' या शब्दात असतो, त्या घराची गोष्ट त्या पूर्णविरामापासून सुरू होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पहिला आकडा भीषण आहे. त्याची चर्चा होते आणि व्हायलाच हवी. दुसऱ्या आकड्याची मात्र कोणी फारशी विचारपूस करीत नाही. दिवसाला बाराशेंहून अधिक माणसे. म्हणजे बाराशे घरांत अवेळी वाजलेला फोन आणि कपाटाच्या कोपऱ्यातून काढलेले बाराशे डबे, ज्यांत पासबुके, पावत्या आणि थोडेफार सोने असते.

मी सदतीस वर्षे बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रविवारी आणि रजेच्या दिवसांत. त्यामुळे असे डबे काऊंटरच्या अलीकडून मी पुष्कळ पाहिले. पुढे एक डबा पलीकडूनही पाहिला. आज त्या दोन्हींविषयी लिहायचे आहे.

दोन खिडक्या

१९९१ साली मी पुणे-बंगलोर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी अधिकारी होतो. बाजाराच्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसे. अशाच एका बाजारच्या दिवशी एक बाई गर्दीतून वाट काढत माझ्या टेबलापाशी आली. तिशीची असेल. डोळ्यांवरून तीन रात्रींचे जागरण कळत होते. नवरा साखर कारखान्यात कामाला; पाळी संपवून सायकलवरून घरी येताना ट्रकने उडवला. जिल्ह्याच्या गावी खासगी इस्पितळात तीन दिवस बेशुद्ध. डॉक्टरांनी आठ हजार आणायला सांगितले होते. तिने नवऱ्याचे पासबुक माझ्यापुढे ठेवले. शिल्लक अकरा हजार चारशे.

खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर होते. तो शुद्धीवर असता आणि केवळ हात मोडला असता, तर मार्ग होता. आजारी खातेदार सही करू शकत नसेल तर त्याचा अंगठा घेता येतो. तो ओळखायला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. त्यासाठी शाईचे पॅड खिशात घालून मी स्वतः पुढे अनेकदा इस्पितळांचे जिने चढलो आहे. पण अंगठा देतो आहे तो कशासाठी, हे देणाऱ्याला कळत असले पाहिजे. बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर टेकवणे म्हणजे त्याची सही चोरणेच. नियम चुकीचा नव्हता. नवऱ्याच्या नावावर डोळा ठेवून आलेले भाऊबंदही आम्ही पाहिलेले होते.

मी तिला हे सारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. मग पासबुकाच्या पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "हितं माझं नाव हाय की. वारसदार म्हणून तुमच्याच सायबांनी घातलंय."

मी म्हटले, "बाई, ते नॉमिनेशन. ते खातेदाराच्या पश्चात लागू होतं."

तिला 'पश्चात' कळायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे ते मेल्यावर देनार?"

मी समोरच्या लेजरमध्ये पाहिले. तिथे काही उत्तर नव्हते.

शेवटी मीच तिला दुसरी खिडकी दाखवली. गळ्यातली बोरमाळ आणि कानांतली कुडी उतरवून तिने सोनेतारण कर्ज घेतले. सराफाने वजन केले, मी अर्ज भरला, तासाभरात रोख तिच्या हातात पडली. त्या तत्परतेचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला असावा. एका खिडकीवर नवऱ्याचे पैसे बचतीच्या व्याजाने पडून होते आणि दहा फुटांवरच्या दुसऱ्या खिडकीवर ती त्याच्या दुपटीहून जास्त व्याजाने कर्ज काढत होती. दोन्हीकडे बँक तीच, अधिकारीही तोच.

नवरा वाचला. पाचएक महिन्यांनी कुबडी घेऊन शाखेत आला. बायको मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने आधी कर्जाचे विचारले, मग पासबुक पुढे करून म्हणाला, "ह्यात हिचं नाव घाला. मागच्या पानावर नको, पुढच्या."

अतिदक्षता विभागाबाहेरची सतरंजी

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो असे म्हणणे खोटे होईल. पण ती गोष्ट आपल्या घरी येईल असे वाटले नव्हते.

ऑगस्ट २०१६. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय सव्वीस, वायरिंगची कामे घेत असे. एका बंगल्याचे काम आटोपून रात्री मोटरसायकलवरून परतताना शिरवळच्या अलीकडे उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोने त्याला धडक दिली. हेल्मेट होते, ते घरी खुंटीला. रस्त्यावर पडलेल्या मुलापाशी दुधाची गाडी चालवणारा एक माणूस थांबला. त्याने १०८ला फोन केला, गाडी येईपर्यंत डोक्याला स्वतःचा टॉवेल दाबून धरला आणि नाव न सांगता निघून गेला. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी वा इस्पितळाने त्रास देता कामा नये, नाव सांगण्याची सक्ती करता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये बजावले होते. त्या दूधवाल्याला ते ठाऊक असण्याचा संभव नाही. तो तसाच थांबला.

पहाटे तीनला आम्ही पुण्याच्या इस्पितळात पोहोचलो. कवटीत रक्त साकळलेले, मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवले आहे की, अपघातग्रस्ताचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, कागदपत्रे मागाहून. त्या इस्पितळाने उपचार अडवले नाहीत, हे सांगितले पाहिजे. फक्त काऊंटरवरचा तरुण दर दोन तासांनी नम्रपणे विचारी, "डिपॉझिटचं कसं करताय?" सकाळी दहापर्यंत पन्नास हजार, संध्याकाळपर्यंत आणखी एक लाख. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, याचा अर्थ त्या काऊंटरसमोर उभे राहिल्यावर समजतो.

भाच्याच्या खात्यात एक लाख नव्वद हजार होते. दुकान घालायचे म्हणून चार वर्षे साठवलेले. खाते एकट्याचे. नॉमिनी आई. बहिणीने पासबुक माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "दादा, तू बँकेतला. तू काढशील."

पंचवीस वर्षांपूर्वीची ती बाई माझ्यासमोर उभी राहिली, यात काही अतिशयोक्ती नाही. मी बहिणीला तेच वाक्य सांगितले जे त्या बाईला सांगितले होते. 'पश्चात' हा शब्द मात्र मला उच्चारता आला नाही. आपला मुलगा मेला तर दोन आठवड्यांत मिळेल आणि तो जगावा म्हणून मागितले तर मिळणार नाही, असा तो पैसा होता. कायद्याने दार अगदीच बंद नसते; दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या माणसाचा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जाता येते. पण संध्याकाळपर्यंत एक लाख भरायचे असतात त्याला हा मार्ग सांगणे म्हणजे तहान लागलेल्याला धरणाचा नकाशा दाखवणे.

मग जे सगळी घरे करतात ते आम्ही केले. बहिणीच्या पाटल्या गहाण पडल्या. मेव्हणे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले; त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढले. मी माझी एक मुदत ठेव मोडली. गावच्या गणेश मंडळाच्या पोरांनी त्या वर्षीची वर्गणी फिरवून एकेचाळीस हजार आणून दिले. गणपतीला डेकोरेशन केले नाही. काही नातेवाईक शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आले. काही आलेच नाहीत. पैसे मागतील या भीतीने. त्यांना मी नावे ठेवीत नाही. तसा मीही कुणाकडे गेलो नव्हतो, कधीतरी.

अतिदक्षता विभागाबाहेर एक वेगळेच गाव वसलेले असते. सतरंज्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. बीडचे कुटुंब, कोल्हापूरचे कुटुंब, कराडचा एकटा म्हातारा. दिवसातून दोनदा एकेकाला पाच मिनिटे आत सोडतात. बाकीचा वेळ दाराकडे पाहत बसायचे. दार उघडून नर्सने नाव पुकारले की, पोटात गोळा येतो. मग कळते की, हाक औषधांच्या चिठ्ठीसाठी आहे. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये धावायचे. चिठ्ठी आली म्हणजे माणूस आहे, असा तिथला हिशेब. तिथे लोक एकमेकांना जात विचारत नाहीत, गावही नंतर विचारतात. आधी विचारतात, "किती दिवस झाले?" आणि मग हळूच, "किती झाले?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवसांत असते, दुसऱ्याचे लाखांत.

अकराव्या दिवशी भाच्याने डोळे उघडले. बाराव्या दिवशी आईला ओळखले. सोळाव्या दिवशी त्याच्या बँकेचा अधिकारी शाईचे पॅड घेऊन खाटेशी आला. त्याने भाच्याला नाव विचारले, आईचे नाव विचारले, पैसे कशासाठी काढायचे ते विचारले. भाचा पुटपुटला, "माझ्यासाठीच." अधिकारी हसला आणि त्याने अंगठा घेतला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. आयुष्यात प्रथमच मी त्या प्रसंगी साक्षीदार नव्हतो.

दोनशेपानी वही

सत्ताविसाव्या दिवशी घरी सोडले. इस्पितळाचे बिल ५ लाख ९२ हजार. बाहेरून आणलेली औषधे आणि मांडीत घातलेला रॉड वगैरे १ लाख ३८ हजार. एकूण ७ लाख ३० हजार. ही रक्कम सर्वांनी ऐकली, हळहळ व्यक्त केली आणि जो तो आपल्या कामाला लागला. जणू माणूस घरी आला आणि खाते बंद झाले.

माझी बहीण अंगणवाडी सेविका. रोज किती मुले आली, किती खिचडी शिजली, हे लिहायची तिला सवय. पहिल्याच रात्री तिने इस्पितळासमोरच्या दुकानातून एक दोनशेपानी वही घेतली होती. रिक्षा, चहा, डबा, झेरॉक्स, साबण, जे काही खर्च झाले ते ती त्यात लिहीत गेली. एस.टी.ची तिकिटे भाताच्या शिताने चिकटवत गेली. मी एकदा म्हणालो, "कशाला इतकं? दहा-वीस रुपयांचं काय लिहायचं?" ती म्हणाली, "हातात काहीतरी पाहिजे ना, दादा. नाहीतर नुसतं दाराकडं बघायचं."

ती वही तिने चौदा महिने लिहिली. नंतर मी तिच्या परवानगीने बँकवाल्याच्या सवयीने तिची खतावणी केली. प्रवास, त्यात तपासणीसाठी पुण्याला केलेल्या भाड्याच्या गाडीच्या खेपा धरून: ४८,६०० रुपये. नातेवाइकांचे पुण्यात राहणे-जेवणे: ३१,२००. घरी आल्यावर त्याला उचलायला-बसवायला ठेवलेला माणूस, चार महिने, दरमहा नऊ हजारांप्रमाणे: ३६,०००. फिजिओथेरपी, ९६ वेळा, अडीचशे रुपयांप्रमाणे: २४,०००. पुढची औषधे, पाण्याची गादी, चाकाची खुर्ची, कुबड्या: ५७,४००. बहिणीने सात महिने बिनपगारी रजा घेतली, तिचे बुडालेले मानधन: ३५,०००. भाच्याची बुडालेली कमाई, चौदा महिने, दरमहा पंधरा हजार: २ लाख १० हजार. सोन्यावरचे आणि पतसंस्थेचे व्याज: ८४,०००.

बेरीज ५ लाख २६ हजार २०० रुपये. इस्पितळाच्या बिलाच्या जवळजवळ पाऊणपट. आणि ही सारी रक्कम अशी की, जिचे बिल कोणी दिले नव्हते.

वहीत नसलेल्याही गोष्टी होत्या. ओढ्याकाठचे अर्धा एकर रान पडत्या भावात चुलत भावाला द्यावे लागले, त्यातला तोटा. मेव्हण्यांनी त्या वर्षात स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या दोन दिवसांतून एकदा घेतल्या, हे आम्हाला फार उशिरा कळले. चार महिन्यांनी नोकर परवडेनासा झाला तेव्हा त्याचे काम बहिणीने केले. तिची कंबर धरली ती कायमची. सव्वीस वर्षांच्या मुलाला आईने भांडे द्यायचे, पुसायचे, आणि दोघांनी भिंतीकडे पाहायचे. एका रात्री तो आईला म्हणाला, "त्या दूधवाल्यानं थांबायला नको होतं." ती काही बोलली नाही. सकाळी तिने वहीत नेहमीप्रमाणे लिहिले: दूध ११ रुपये, रिक्षा ४० रुपये.

हे केवळ माझ्या घरातले नाही. जागतिक बँक आणि 'सेव्हलाइफ फाउंडेशन' यांनी महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार आणि तामिळनाडू या चार राज्यांत केलेली पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. अपघातानंतर उत्पन्न घटल्याचे सांगणाऱ्या गरीब कुटुंबांचे प्रमाण तीत ७५ टक्क्यांहून अधिक होते. जखमीची उस्तवार करण्याचा भार बायकांवर पडतो आणि त्यांच्या कामाची घडी विस्कटते, हेही तिथे नोंदले आहे. टेम्पोची धडक एकाला बसते. पण मोडते ते घर.

"ही वही कोणी लिहिली?"

२०१७ साली आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल केला. टेम्पोचा विमा होता, हे नशीब. पुष्कळ लोकांचा समज असतो की, आपल्या मोटरसायकलचा विमा आहे म्हणजे आपल्याला काही झाले तर तो भरून देईल. सक्तीचा विमा असतो तो तिसऱ्या माणसासाठी. आपल्या गाडीने ज्याला इजा होईल त्याच्यासाठी. वाहनमालक स्वतः चालवीत असेल तर त्याच्यासाठी जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे, त्याची मर्यादा २०१८ पासून १५ लाख रुपये झाली. पण तो मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी, इस्पितळाच्या बिलासाठी नव्हे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे अर्ज २०१५ साली आम्ही शाखेत ढिगांनी भरून घेतले. वर्षाला तेव्हा १२ रुपये, आता २० रुपये. योजना चांगली आहे. पण तीही मृत्यू आणि अपंगत्वाचीच. खाटेवरच्या दिवसांची नव्हे. मरणाची किंमत ठरवणे सगळ्यांनाच सोपे जाते. जगण्याची किंमत ठरवताना अडखळायला होते.

कायदा मात्र या बाबतीत आपण समजतो तेवढा आंधळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सांगितले की, जखमीला भरपाई देताना नुसते औषधपाणी पाहायचे नाही. प्रवास, पोषक आहार, बुडालेली कमाई, पुढचे उपचार, वेदना, गमावलेली सुखे, हे सारे धरायचे. शिवाय दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईतल्या घटीचे टक्के नव्हेत. आमच्या वकिलांनी हाच निर्णय पुढे केला. भाच्याच्या दाखल्यावर ३० टक्के होते. पण वायरमनला शिडीच चढता येत नसेल, तर त्याच्या धंद्याचे किती टक्के उरले? २०२० साली काजल नावाच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या देखभालीसाठी दोन मदतनिसांचा खर्च हिशेबात धरला. बायका घरात जे काम करतात त्याला मोल आहे, हे २०२१ साली कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा ठासून सांगितले गेले.

अडचण कायद्याची नसते, कागदाची असते. इस्पितळाच्या बिलाला शिक्का असतो. आईच्या कंबरेला शिक्का नसतो. रिक्षावाला पावती देत नाही, उचलायला ठेवलेला माणूस सही देत नाही. बहुतेक घरांत या रकमा तोंडी उरतात आणि तोंडी रकमा न्यायालयात अंदाजाने, म्हणजे थोडक्यात उरकल्या जातात.

माझी बहीण साक्षीला उभी राहिली. विमा कंपनीचे वकील वही उलटीपालटी करीत म्हणाले, "ही वही कोणी लिहिली?"

"मी लिहिली."

"घरी बसून कोणीही अशी वही लिहू शकतं."

बहीण म्हणाली, "घरी बसायला मिळालं असतं तर लिहिलीच नसती, साहेब."

न्यायाधीशांनी वही मागवून घेतली. तिकिटे पाहिली. वेगवेगळ्या शाया पाहिल्या, पावसात भिजलेले पान पाहिले. २०२१ साली निकाल लागला. इस्पितळाची आणि औषधांची सारी बिले मंजूर झाली. कमाईचा कागद नव्हता म्हणून ती आम्ही सांगितली त्याहून कमी धरली. मात्र शिडी चढता न येण्याचा विचार झाला. बिलात नसलेल्या रकमांपैकी सुमारे २ लाख ४० हजार मान्य झाल्या. म्हणजे निम्म्याहून कमी. आमचे वकील म्हणाले, या सदरांखाली इतके मिळालेले त्यांनी क्वचितच पाहिले आहे आणि ते त्या वहीमुळे.

तेव्हापासून काही गोष्टी सुधारल्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे. २०१६ साली सरकारी योजनेचे कार्ड आम्हाला पाचव्या दिवशी आठवले आणि ते इस्पितळ यादीत नव्हते. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेली आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोख उपचारांची योजना अधिसूचित केली: अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. पहिल्या रात्रीचा तो डिपॉझिटचा प्रश्न जर खरोखरच सुटला, तर ती लहान गोष्ट नाही. फक्त एवढेच, की सातव्या दिवशी माझा भाचा बेशुद्ध होता. आणि वहीतली पाने सातव्या दिवसानंतरच भरत गेली.

म्हणून निवृत्तीनंतर मी भेटेल त्याला तीन गोष्टी सांगत असतो. घरातले एक तरी खाते, ज्यात महिन्या-दोन महिन्यांचा आधार आहे, दोघांच्या नावावर असू द्या, 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असणारा' या सूचनेसह. नॉमिनेशन हवेच, पण ते वेगळे. योजनेचे कार्ड आणि जवळची यादीतली इस्पितळे कुठली, हे धडधाकट असताना पाहून ठेवा. आणि वेळ आलीच, तर पहिल्या दिवसापासून वही घाला. कोण किती दिवस बसले, कोणाचा खाडा झाला, कोणाचे काय बुडाले, सगळे लिहा. दाव्यासाठी २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी आपण ती पाळावी. लोक ऐकतात, मान हलवतात. अभद्र बोलू नये, असेही काहींच्या चेहऱ्यावर दिसते.

भाचा आता बसून करता येणारी कामे करतो. पंखे, मिक्सर, पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचे त्याचे छोटे दुकान आहे. खाते आईच्या नावासह आहे. पाय थोडा ओढतो. मोटरसायकल चालवत नाही. आणि दुकानासमोरून कोणी हेल्मेट आरशाला लटकवून गेला तर जागचा उठून ओरडतो.

निकालाचे पैसे खात्यात आले त्या दिवशी मी बहिणीकडे होतो. तिने ट्रंकेतून ती वही काढली, शेवटच्या पानावर 'जमा' लिहिले आणि रक्कम मांडली. पतसंस्था, सोने, मी, मंडळाची पोरे, एकेकापुढे आकडा घालत गेली. सगळे झाल्यावरही तिने पेन खाली ठेवले नाही.

भाची तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भाऊ इस्पितळात, आई त्याच्यापाशी. घरचा स्वयंपाक, म्हशी आणि वडील तिने सांभाळले. परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी बसेन म्हणाली, ते पुढचे वर्ष आलेच नाही. मग लग्न झाले. आमच्या दाव्यात तिचे नाव कुठेच नव्हते. माझ्या खतावणीतही नव्हते.

बहिणीने वही माझ्याकडे सरकवली आणि विचारले, "दादा, पोरीचं वर्ष कुठल्या खात्यात लिहायचं?"

सदतीस वर्षे मी हेच काम केले होते. वही मी बराच वेळ हातात धरून बसलो.